मुंबई पाहणे : मराठी साहित्यातील पाहुणा, वाटाड्या आणि रात्र

१. प्रास्ताविक

शहर पाहावयास आलेल्या परक्या माणसाला ते कोणी दाखवावे, त्यातील काय दाखवावे आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी दाखवावे, हे प्रश्न वरवर पाहता पर्यटन-व्यवसायाचे वाटतात. तथापि मराठी साहित्याच्या अभ्यासकालाही ते टाळता येण्याजोगे नाहीत. मुंबईविषयीच्या मराठी लेखनाचा मोठा भाग हा मुळात 'दाखविण्याचा' व्यवहार आहे. कोणीतरी मुंबईत आधी आलेला असतो. तो नंतर येणाऱ्याला, किंवा येऊ न शकणाऱ्याला, शहर उलगडून सांगतो. या व्यवहाराचे स्वरूप एकोणिसाव्या शतकापासून कसे पालटत गेले, आणि शहराची रात्र हा या दाखविण्यातील अवघड भाग का ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थळ दाखविण्याची परंपरा मराठीला नवी नाही. श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेली स्थाने नोंदविणारी महानुभावांची 'स्थानपोथी' हा मराठीतील स्थलवर्णनाचा आद्य नमुना होय. श्रद्धावंताला ते ठिकाण नेमके सापडावे, ही तिच्यामागची प्रेरणा आहे. पुढील काळातील क्षेत्रमाहात्म्यांतही यात्रेकरू हाच गृहीत वाचक असतो. या परंपरेतील 'दर्शन' हा शब्द आधुनिक शहराने उचलला आणि 'मुंबई दर्शन' असा प्रयोग रूढ झाला. देवदर्शनात भक्त देवाला पाहतो, तसा देवही भक्ताला पाहतो, अशी श्रद्धा असते; तेथे नजर दुहेरी आहे. सहलीच्या बसच्या काचेतून होणाऱ्या दर्शनात ती एकेरी होते. पाहणारा पाहतो आणि शहरातील माणसे केवळ दिसतात. शब्द तोच राहिला, त्यातील नाते मात्र बदलले.

या नात्यात तीन भूमिका संभवतात : पाहणारा, दाखविणारा आणि दिसणारा. यांपैकी दाखविणाऱ्याची जागा मराठी साहित्यात क्रमाने शिक्षकाकडून शाहिराकडे, शाहिराकडून कामगाराकडे आणि अखेरीस जो आजवर केवळ दिसत होता त्याच्याकडे गेली, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. दाखविणारा बदलला की 'प्रेक्षणीय' या शब्दाचा अर्थही बदलतो. हा बदल तपासण्यासाठी गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन', पठ्ठे बापूराव आणि अण्णा भाऊ साठे यांच्या मुंबईवरील लावण्या व नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह यांचा मुख्यत्वे आधार घेतला आहे. मुंबईविषयक मराठी साहित्याचा समग्र आढावा घेणे हा येथील उद्देश नाही.

२. शिक्षकाचे शहर : 'मुंबईचे वर्णन'

माडगावकर (१८१५–१८६५) यांचा हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. एका शहराचे सर्वांगीण चरित्र सांगणारा मराठीतील हा आद्य ग्रंथ मानला जातो. मुरली रंगनाथन यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाल्यानंतर मराठीबाहेरील नगर-अभ्यासकांचेही लक्ष त्याकडे वेधले गेले.

ग्रंथाचे प्रकाशनवर्ष अर्थपूर्ण आहे. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली सुरू होऊन दहा वर्षे झाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला होता आणि कोटाचा तट पाडून शहर मोकळे करण्याचा काळ सुरू झाला होता. आजचा प्रवासी जी मुंबई पाहावयास येतो, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. बोरीबंदरचे भव्य स्थानक १८८८ साली. महानगरपालिकेची इमारत १८९३ साली. गेट वे ऑफ इंडियाचे उद्घाटन तर १९२४ साली झाले. ज्या वास्तूंच्या चित्रांवर आज 'मुंबई' असे लिहावे लागत नाही, त्यांपैकी एकही माडगावकरांसमोर नव्हती.

मग माडगावकर दाखवितात काय? देवळे, तलाव, बाजार, विद्यालये, रुग्णालये, कारखाने, नाना जातींचे व धर्मांचे लोक, त्यांचे व्यवसाय, सण आणि चालीरीती. त्यांच्या लेखी प्रेक्षणीयता ही वास्तूच्या रूपापेक्षा संस्थेच्या कार्यात आहे. १८३३ सालचा टाउन हॉल किंवा १८४५ साली सुरू झालेली जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही जोडी या दृष्टीने पाहण्याजोगी ठरते. कारण तेथे काही नवे घडत असते. माहात्म्यग्रंथात जसे स्थानाचे फल सांगितलेले असते, तसे येथे संस्थेचे फल सांगितले जाते. पुण्याच्या जागी उपयुक्तता आली आहे, एवढाच फरक. माहात्म्याकडून 'वर्णना'कडे झालेले हे संक्रमण मराठी गद्याच्या इतिहासात महत्त्वाचे आहे.

माडगावकरांचा पिंड शिक्षकाचा होता. 'शुचिर्भूतपणा', 'सत्यनिरूपण' ही त्यांच्या अन्य पुस्तकांची नावेच त्यांच्या लेखनहेतूची साक्ष देतात. म्हणून त्यांची मुंबई ही प्राधान्याने दिवसाची मुंबई आहे. गिरण्या, टांकसाळ, शाळा उजेडात पाहता येतात आणि त्यांपासून बोधही घेता येतो. रात्रीच्या शहराकडे हा लेखक वळतो तेव्हा त्याच्या भाषेत समाजसुधारकाची चिंता उतरते. व्यसन आणि अनीती यांपासून वाचकाला सावध करणे हे तो आपले कर्तव्य समजतो. येथे वाटाड्या पाहुण्याला एका ठरावीक उंबरठ्यापर्यंत नेतो आणि तेथे थांबवितो.

ही मर्यादा माडगावकरांच्या वैयक्तिक वृत्तीपुरती नाही. बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी गॉथिक शैलीतील नव्या इमारतींनी शहराचे रूप पालटले होते. राणीचा बाग १८६२ मध्ये आणि त्यालगतचे, पुढे १९७५ साली भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळालेले, वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले होते. 'पाहण्याची ठिकाणे' अशी एक स्थिर यादी याच काळात तयार झाली आणि ती थोड्याफार फरकाने अद्याप टिकून आहे. या यादीत शहरात राबणारा माणूस क्वचितच आढळतो. इमारतीचा खर्च, तिची उंची, तिच्या दात्याचे नाव आवर्जून नोंदविले जाते. ती बांधणारे हात अनामिक राहतात.

३. एका रस्त्याची तीन रूपे

रात्रीच्या मुंबईचा विचार करताना ग्रँट रोड परिसरातील एका लहानशा भूभागाकडे लक्ष देणे उद्बोधक ठरते. नाना शंकरशेठ यांच्या पुढाकाराने १८४६ साली ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी १८५३ साली याच नाट्यगृहात मुंबईकरांना मराठी नाटक दाखविले. पुढे या परिसरात इतकी नाट्यगृहे झाली, की 'प्ले हाऊस' या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले आणि ते ठिकाणाचेच नाव बनले. परभाषेतील सामान्यनाम मराठी-हिंदी भाषकांच्या जिभेवर घोळून विशेषनाम होते, ही घटना भाषाभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. रात्रीच्या शहराला नाव देण्याचे काम येथे ग्रंथकारांनी केले नाही. ते टांगेवाले, तिकीटवाले आणि प्रेक्षक यांनी केले.

प्रतिष्ठित नाट्यव्यवसाय हळूहळू अन्यत्र सरकल्यावर पिला हाऊसच्या थिएटरांत तमाशाचे फड रंगू लागले. याच रंगभूमीवर पठ्ठे बापूराव यांचा उत्कर्ष झाला. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्माने ब्राह्मण असूनही त्यांनी तमाशाचा फड पत्करला आणि महार समाजातील पवळा या नर्तिकेच्या साथीने अमाप लोकप्रियता मिळविली. त्यांची मुंबईवरील लावणी ही एका अर्थी नगरदर्शनच आहे. मात्र तिचा श्रोता माडगावकरांच्या वाचकाहून वेगळा आहे. तो घाटावरून किंवा कोकणातून पोटासाठी आलेला, बहुधा निरक्षर, दिवसभराच्या कामानंतर तिकीट काढून बसलेला माणूस आहे. त्याला मुंबईतील संस्थांची उपयुक्तता समजावून घ्यावयाची नसते. ज्या नगरीत आपण येऊन पडलो आहोत, तिच्या झगमगाटात आपलाही वाटा आहे, असे क्षणभर वाटावे, ही त्याची गरज असते.

या लावणीत मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा दिली आहे. ही उपमा केवळ अलंकार म्हणून पाहणे पुरेसे नाही. लंका सोन्याची आहे, परंतु ती रावणाची आहे. रामकथा कीर्तनातून ऐकलेल्या श्रोत्याला तिचे वैभव आणि तिचे भय दोन्ही एकाच वेळी जाणवतात. माडगावकरांना जो नैतिक इशारा परिच्छेदांतून द्यावा लागला, तो शाहिराने एका उपमेत सामावला आणि तरीही स्तुतीचा सूर मोडू दिला नाही. येथे दाखविणारा श्रोत्याला उंबरठ्यावर थांबवीत नाही. तो स्वतः उंबरठ्याच्या आत, रंगमंचावर उभा आहे. तो शहर दाखवितो आणि त्याच वेळी शहराच्या रात्रीतील एक 'पाहण्याची वस्तू'ही असतो. पवळेच्या वाट्याला तर दिसणे अधिक आणि दाखविणे कमी आले. बापूरावांच्या रचना त्यांच्या नावानिशी टिकल्या. तिच्या कलेचे जे उरले, ते प्रामुख्याने इतरांनी सांगितलेल्या आठवणींत. दाखविण्याचा अधिकार एकाच फडातही समान वाटला जात नव्हता, याची नोंद घ्यावयास हवी.

पिला हाऊसला लागून जाणाऱ्या फॉकलंड रोडला पुढे 'पठ्ठे बापूराव मार्ग' असे नाव देण्यात आले. तोवर या रस्त्याची ओळख मात्र देहविक्रयाची वस्ती अशी झाली होती. मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने या रस्त्यावरील स्त्रियांची छायाचित्रे टिपली आणि त्यांचे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाल्यावर 'फॉकलंड रोड' हे नाव जगभर पोहोचले. नाटकाचा रस्ता, तमाशाचा रस्ता आणि शरीरविक्रीचा रस्ता अशी एकाच भूभागाची ही तीन रूपे आहेत. पाटीवर शाहीर, लोकांच्या बोलण्यात ब्रिटिश गव्हर्नर आणि परदेशी ग्रंथात तेथील स्त्रियांचे चेहरे, असा हा नामांचा व नजरांचा थर साचलेला आहे.

४. खिसा रिकामा असलेला प्रेक्षक : अण्णा भाऊ साठे

बापूरावांच्या लावणीला खरे उत्तर मिळाले ते अण्णा भाऊ साठे यांच्या 'मुंबईची लावणी'मधून. अण्णा भाऊ (१९२०–१९६९) यांचे वाटेगाव हेही वाळवे तालुक्यातलेच. म्हणजे मुंबईचे दोन प्रमुख शाहिरी दर्शनकार एकाच तालुक्यातून आले आणि एकच काव्यप्रकार हाती घेऊन त्यांनी परस्परविरोधी शहरे उभी केली.

अण्णा भाऊंच्या लावणीची रचना उंच-सखल या द्वंद्वावर उभी आहे. मलबार हिल वर आहे, परळ खाली आहे. एकीकडे उपभोग, दुसरीकडे अहोरात्र श्रम. सहलीच्या यादीत मलबार हिल हे हवा खाण्याचे, समुद्र न्याहाळण्याचे ठिकाण असते. लावणीत ते वर्गस्थितीचे चिन्ह होते. भूगोल तोच राहतो आणि त्याचे वाचन पालटते. शहराच्या उंचसखलपणातून समाजाची उतरंड वाचण्याची ही दृष्टी पुढे मराठी कवितेत स्थिरावली. नारायण सुर्वे यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतील मुंबई या दृष्टीशी नाते सांगते.

लावणी हा प्रकार अण्णा भाऊंनी का निवडला, हेही विचारात घेण्याजोगे आहे. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या श्रोत्याला तमाशाचा आकृतिबंध परिचित होता. नगरस्तुतीची अपेक्षा ठेवून बसलेल्या श्रोत्यापुढे त्याच ठेक्यात शहराचा जमाखर्च मांडला गेला. प्रेक्षकाला त्याच्याच आसनावरून अस्वस्थ करण्याची ही रीत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गाजलेली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड या संदर्भात आणखी एक पाऊल पुढे जाते. गावी पत्नीला ठेवून मुंबईत आलेला माणूस तिचा नायक आहे. तो मुंबई पाहतो, परंतु त्याच्या पाहण्याला खरेदीची जोड नाही. पर्यटनाच्या व्यवहारात पाहणे आणि खर्चणे या क्रिया जोडलेल्या असतात. ज्याच्याजवळ खर्चायला काही नाही, त्याला पाहुणा म्हणत नाहीत. त्याला बेकार म्हणतात, किंवा उपरा म्हणतात. नायकाचे वैयक्तिक विरहदुःख शेवटी भाषिक प्रदेशाच्या ताटातुटीशी जोडले जाते आणि मुंबई कोणाची, हा प्रश्न 'मुंबई कोणी पाहावयाची' या प्रश्नातूनच उगवतो.

या प्रेक्षकाची रात्र कशी होती? मराठीत 'नाइट लाइफ' या अर्थाचा शब्द शोधू गेल्यास कामगारांच्या बोलीत जो शब्द प्रथम सापडतो तो 'रातपाळी' हा आहे. गिरण्या अनेक पाळ्यांत चालत. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे असत आणि खानावळवाल्या बायांच्या चुली त्या वेळापत्रकाने पेटत. याच गिरणगावात कामावरून सुटलेल्यांची करमणूकही वाढली. भजनी मंडळे, कोकणातील नमन-खेळे व जाखडी, दशावतार, कलगी-तुऱ्याच्या बाऱ्या, लालबागच्या हनुमान थिएटरातील तमाशे ही सर्व रात्रीची संस्कृती होती. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या कार्यातून परळचे दामोदर सभागृह उभे राहिले आणि कामगार रंगभूमीला हक्काचे छप्पर मिळाले. बाहेरून आलेल्या प्रवाशाच्या मार्गदर्शिकेत यांपैकी बहुतेकांना स्थान नव्हते. याला अपवाद गणेशोत्सवाचा. १८९३ पासून सार्वजनिक रूप घेतलेल्या या उत्सवात वर्षातील दहा रात्री ही वस्ती यजमान होते आणि सारे शहर तिच्या दारी पाहुणे म्हणून येते.

येथे एका उलट प्रवासाचाही उल्लेख आवश्यक आहे. १९६१ साली अण्णा भाऊ सोव्हिएत रशियात गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहणारा लेखक प्रथमच पाहुणा झाला. नव्या शहरात माणूस काय पाहतो, हे तो जुन्या शहरात कोठे उभा होता यावर ठरते, याचा पडताळा घेण्यासाठी हे पुस्तक मुंबईवरील लावणीच्या जोडीने वाचले पाहिजे.

५. दिसणारा जेव्हा दाखवितो : 'गोलपिठा'

नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील पूर-कानेरसर या गावातून बालपणीच मुंबईत आलेल्या या कवीने काही काळ टॅक्सी चालविली. परक्या माणसाला शहरात हवे तेथे पोहोचविणे हा त्याच्या पोटापाण्याचा उद्योग होता, ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. गोलपिठा हे पिला हाऊस-कामाठीपुरा भागातलेच ठिकाण. भाव्यांच्या नाटकाचे १८५३ मधील प्रेक्षक ज्या परिसरात आले, त्याच परिसराच्या नावाने एकशेएकोणीस वर्षांनी मराठीतील एक युगप्रवर्तक कवितासंग्रह आला.

या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे. ती या लेखाच्या दृष्टीने मूळ संहितेइतकीच महत्त्वाची ठरते. प्रस्तावना लिहिण्यापूर्वी तेंडुलकरांनी हा परिसर ढसाळांसमवेत फिरून पाहिला आणि कवितांतील न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांच्याकडून समजून घेतले. पांढरपेशा जगाची हद्द संपते तेथून हे जग सुरू होते, अशा आशयाची मांडणी ते करतात. मान्यवर नाटककार येथे पाहुणा आहे, आणि तेवीस वर्षांचा कवी वाटाड्या. माडगावकरांच्या काळी जाणता लेखक अजाण वाचकाला शहर समजावीत होता; आता लेखकच आपले अजाणपण मान्य करून शब्दार्थ विचारीत आहे. मराठी वाङ्मयव्यवहारातील अधिकाराची उलटापालट याहून स्पष्टपणे दाखविणारा प्रसंग विरळा.

ढसाळांच्या कवितेने या जगाचे 'प्रेक्षणीय' होणे कसे टाळले, हा खरा साहित्यशास्त्रीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांच्या भाषेत सापडते. सहलीचा वाटाड्या परिचित भाषेत अपरिचिताचे भाषांतर करतो. ढसाळ ते नाकारतात. वस्तीतील व्यवहाराचे शब्द, शिव्या, धंद्याच्या सांकेतिक संज्ञा, प्रमाण मराठीतील भारदस्त शब्द आणि मिथके ही सारी एका ओळीत आणून ते वाचकाला सोयीची वाट ठेवीत नाहीत. काचेमागून पाहण्याची मुभा राहत नाही. शब्द न कळल्याची अस्वस्थता हाच या कवितेतील वाचकाचा पहिला अनुभव असतो आणि तो तसा असणे हेतुपूर्ण आहे. वर्गात हा संग्रह शिकविताना शब्दार्थांची यादी आधी देऊन अडथळा दूर करण्याकडे शिक्षकाचा कल असतो. तसे केल्यास तेंडुलकरांना जो विचारावा लागला तो प्रश्नच विद्यार्थ्याला विचारावा लागत नाही, आणि तो पुन्हा पर्यटकाच्या आसनावर जाऊन बसतो.

तथापि या दर्शनालाही एक अनुत्तरित बाजू आहे. 'गोलपिठा'तील स्त्री करुणेने आणि संतापाने पाहिली गेली आहे, परंतु ती बहुशः पाहिलीच गेली आहे. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) हे आत्मकथन या ठिकाणी जोडून वाचावे लागते. शाहीर अमर शेख यांची कन्या आणि ढसाळांची पत्नी असलेल्या या लेखिकेने कवीच्या व कार्यकर्त्याच्या रात्री घरात बसून कशा मोजल्या जातात, हे निर्भीडपणे लिहिले. रात्रीच्या मुंबईत मुक्तपणे हिंडता येणे हाच मुळात पुरुषाचा अधिकार आहे, ही बाब येथवर विचारात घेतलेल्या चारही पुरुष-लेखकांनी गृहीत धरली होती. ती दृष्टोत्पत्तीस आणण्याचे श्रेय या आत्मकथनाकडे जाते.

६. रात्रीचे कायदे आणि रात्रीची माणसे

साहित्यातील या नजरांचा कायद्याच्या भाषेशी जवळचा संबंध आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास खेर मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली; पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीद्वारे 'सुधारणे'च्या अटींवर तो पुन्हा सुरू झाला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने 'परमिट रूम' हा खास मुंबईचा शब्द घडविला. २००५ मध्ये राज्य शासनाने डान्स बारवर बंदी घातली, परंतु तीन व त्यावरील तारांकित हॉटेले आणि क्लब यांना तीतून वगळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. त्यानंतर राज्याने २०१६ मध्ये केलेल्या नव्या कायद्यातील अनेक कडक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द वा शिथिल केल्या. तेच नृत्य श्रीमंत पाहुण्यासमोर चालेल आणि साध्या गिऱ्हाइकासमोर अनीतिकारक ठरेल, हा भेद न्यायालयांना मान्य झाला नाही. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात अण्णा भाऊंच्या लावणीतील उंच-सखल रचना ओळखू यावी. या मधल्या वर्षांत ज्यांची उपजीविका गेली, त्या स्त्रियांपैकी अनेकींचा नाचगाण्याचा वारसा पारंपरिक कलावंत-जमातींचा होता. पिला हाऊसच्या इतिहासाशी हा धागा जुळतो.

दुसरे स्थित्यंतर गिरण्यांच्या आवारांत घडले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकातील कुटुंब या मोडण्याचे साक्षीदार आहे. त्या घरातील प्रत्येक जण वेगळ्या दिशेने शहराबाहेर, किंवा जगण्याबाहेर, ढकलला जातो. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि पब आले. जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई चोवीस तास खुली ठेवण्याच्या धोरणास मान्यता दिली, तेव्हा अनिवासी भागातील मॉलबरोबर गिरण्यांच्या आवारांचाही त्यात समावेश होता. म्हणजे जेथे रातपाळी चालत होती, तेथेच शहराची अधिकृत रात्र आता पाहुण्यांसाठी योजिली गेली. भोंग्याच्या जागी संगीत आले. तथापि रातपाळी संपली असे म्हणता येणार नाही. वाढपी, स्वयंपाकी, पहारेकरी, सफाई कामगार, वाहनचालक हे त्या आवारात रात्रभर उभेच असतात. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. रात्रीच्या शहराची सुरक्षितता हा नीतीचा प्रश्न मानण्यात जितकी शक्ती खर्च झाली, तितकी तो बाहेर पडण्याच्या वाटेचा आणि आगप्रतिबंधाचा प्रश्न मानण्यात झाली नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात.

एक, मुंबई दाखविणारे येथील चारही लेखक मूळचे मुंबईबाहेरचे आहेत. गोव्याकडून, वाळव्याहून, खेड तालुक्यातून ते आले. मुंबईचा वाटाड्या हा पूर्वाश्रमीचा पाहुणा असतो. म्हणून 'मुंबईकर' आणि 'बाहेरचा' ही विभागणी या साहित्याच्या कसोटीला उतरत नाही.

दोन, माहात्म्य, वर्णन, लावणी, छक्कड आणि मुक्त कविता हे आकृतिबंध दाखविणाऱ्याच्या सामाजिक स्थानानुसार निवडले गेले आहेत. नगरवर्णनाचा इतिहास लिहिताना गद्य ग्रंथांपुरते थांबल्यास या परंपरेचा रात्रीचा अर्धा भाग अभ्यासाबाहेर राहतो.

तीन, रात्रीच्या शहराचे चित्रण करताना दिसणाऱ्याला बोलता येते की नाही, ही वाङ्मयीन आणि नैतिक अशी दुहेरी कसोटी आहे. 'गोलपिठा' तिला बऱ्याच अंशी उतरतो. तेथील स्त्रीच्या बाबतीत ती अपुरी राहते आणि आत्मकथनाला ती पुढे न्यावी लागते.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. पदव्युत्तर वर्गांत हे लेखन प्रायः स्वतंत्र कालखंडांत विभागून शिकविले जाते : माडगावकर अव्वल इंग्रजीत, बापूराव लोकसाहित्यात, अण्णा भाऊ शाहिरी वाङ्मयात, ढसाळ दलित साहित्यात. त्यांना ग्रँट रोडपासून परळपर्यंतच्या नकाशावर एकत्र मांडले, तर हे लेखक काही फर्लांगांच्या अंतरात एकमेकांशी बोलताना ऐकू येतील. फॉकलंड रोडवरील पाटीवर पठ्ठे बापूरावांचे नाव आहे. त्या पाटीखाली उभे राहणाऱ्या स्त्रीचे नाव अद्याप कोणत्याही पाटीवर नाही. मराठी नगरसाहित्याच्या पुढील अभ्यासाला येथून आरंभ करता येईल.